वायरलेस होम सिनेमा घेताना: कोणती वायर जाते, कोणती राहते

खोक्यावर 'वायरलेस' छापलेलं असलं तरी स्पीकरला वीज लागतेच. सिग्नल हवेतून येतो, वीज भिंतीतल्या सॉकेटमधून. साध्या, म्हणजे पॅसिव्ह स्पीकरला ॲम्प्लिफायरकडून येणारी एकच वायर पुरते, कारण सिग्नल आणि ताकद दोन्ही त्याच वायरीतून येतात. वायरलेस स्पीकरच्या पोटात स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो, म्हणून त्याला स्वतःचा प्लग हवा. पाच स्पीकर आणि एक सबवूफर (खालच्या सुरांचा, म्हणजे बासचा स्पीकर) असा सगळा संच वायरलेस घेतलात तर सहा सॉकेट लागतील, टीव्हीचं वेगळं.

म्हणून मॉडेलं बघायच्या आधी खोलीत उभं राहून सॉकेट मोजा. सोफ्याच्या मागे एकही सॉकेट नसेल, तर बारीक स्पीकर वायर वाचवण्यासाठी तुम्ही एक्स्टेंशन बोर्डाची जाड वायर ओढणार आहात, आणि ती लपवणं जास्त अवघड. याला अपवाद एकच: काही साउंडबारसोबत (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर) येणारे मागचे स्पीकर बॅटरीवर चालतात. एरवी ते बारच्या दोन टोकांना अडकवून चार्ज होत राहतात, सिनेमा लावताना काढून मागे ठेवायचे. रोज काढ-घाल करायची तयारी असेल तरच हा प्रकार उपयोगाचा.

कुठली वायर खरंच खुपते, याचा शांतपणे विचार केला तर उत्तर बहुधा सारखंच येतं. डावा, उजवा आणि मधला हे समोरचे तीन स्पीकर टीव्हीपाशीच असतात, त्यांच्या वायरी युनिटच्या मागे सहज दडतात. खोली ओलांडून जाते ती मागच्या दोन स्पीकरची वायर आणि कधीकधी सबवूफरची. वायरलेसचे पैसे तिथे खर्च करा. समोरचे तीन वायरने, मागचे दोन आणि सबवूफर वायरलेस, ही मांडणी बहुतेक खोल्यांसाठी सगळ्यात शहाणपणाची.

५.१, ७.१, ५.१.२ म्हणजे काय

पहिला आकडा कानाच्या पातळीवरच्या स्पीकरांचा, दुसरा सबवूफरचा, तिसरा वरून येणाऱ्या आवाजाच्या स्पीकरांचा. ५.१ म्हणजे समोर तीन, बाजूला किंवा जरा मागे दोन, आणि एक सबवूफर. ७.१ मध्ये पाठीमागे आणखी दोन येतात. ५.१.२ मध्ये छतात दोन, किंवा छताकडे आवाज फेकणारे दोन.

तिसरा आकडा आला तो डॉल्बी ॲटमॉसमुळे. ते २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आलं आणि २०१४ पासून घरच्या रिसीव्हरमध्ये (सिग्नल घेऊन सगळ्या स्पीकरना वाटणारा ॲम्प्लिफायर). त्याआधी प्रत्येक आवाज ठरावीक चॅनेलमध्ये, म्हणजे एकेका स्पीकरच्या ठरलेल्या वाटेत, बांधलेला असे. ॲटमॉसमध्ये आवाजासोबत त्याची खोलीतली जागाही नोंदलेली असते, आणि तुमच्याकडे जितके स्पीकर आहेत त्यांच्यावर तो आवाज कसा वाटायचा हे रिसीव्हर त्या क्षणी ठरवतो. त्यामुळे ॲटमॉसचा चित्रपट ५.१ वरही नीट वाजतो, फक्त उंचीचा भास मिळत नाही.

साउंडबारच्या बाबतीत हे आकडे जपून वाचा. '७.१.४' लिहिलेल्या संचात मागचे स्पीकर खरोखर वेगळे आहेत की बारमधूनच भिंतीवर आवाज आपटवून भास निर्माण केला आहे, हे खोक्यातल्या वस्तूंच्या यादीवरून कळतं. भिंतीवरून परतणाऱ्या आवाजासाठी दोन्ही बाजूंना, साधारण सारख्या अंतरावर, कडक भिंती लागतात. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला उघडा जिना किंवा जाड पडदा असेल तर अर्धा भास विरून जातो. सुटे मागचे स्पीकर नेहमी सरस, अगदी लहान असले तरी.

खोली काय परवानगी देते

समोरचा डावा आणि उजवा स्पीकर तुमच्या बसण्याच्या जागेपासून मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ३० अंशांवर हवेत. सोपा हिशेब असा की दोन स्पीकरमधलं अंतर आणि प्रत्येक स्पीकरपासून तुमच्यापर्यंतचं अंतर सारखं ठेवायचं. ३ मीटरवर बसत असाल तर स्पीकरही एकमेकांपासून ३ मीटर. एक मीटर लांबीचा साउंडबार त्याच अंतरावरून दोन टोकांत मिळून जेमतेम १९ अंश भरतो, म्हणून त्याचा आवाज पडद्याच्या मध्यावर गोळा झाल्यासारखा वाटतो. मोठ्या पडद्यासमोर ही उणीव ठळक जाणवते.

५.१ मध्ये मागचे म्हणवले जाणारे स्पीकर खरं तर बाजूला, १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानाच्या किंचित मागे असतात. थेट पाठीमागे ठेवले तर आवाज घेरत नाही, पाठीत टोचतो. ७.१ मध्ये बाजूचे दोन ९० ते ११० अंशांवर आणि पाठीमागचे दोन १३५ ते १५० अंशांवर. हे पाठीमागचे दोन ठेवायला सोफ्याच्या मागे निदान मीटर-दीड मीटर मोकळी जागा पाहिजे. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर ७.१ चा हट्ट सोडा. तेच पैसे चांगल्या मधल्या स्पीकरवर किंवा उंचीच्या दोन स्पीकरांवर लावा. आणि शक्य असेल तर सोफा भिंतीपासून अर्धा मीटर पुढे ओढा. भिंतीलगत बास फुगतो आणि संवाद त्याखाली दबतात.

छताकडे आवाज फेकणाऱ्या स्पीकरना सपाट, कडक छत लागतं, साधारण २.३ ते ३.६ मीटर उंचीचं. उतरतं छत, लाकडी पट्ट्यांची फॉल्स सीलिंग किंवा आवाज शोषणाऱ्या टाइल्स असतील तर आवाज हवा तसा परत येत नाही. अशा खोलीत छतातच स्पीकर बसवता येत असतील तर बसवा, नाहीतर साधं ५.१ घ्या.

मधला स्पीकर सगळ्यात दुर्लक्षित, आणि चित्रपटातले बहुतेक संवाद त्याच्यातूनच येतात. तो कपाटाच्या खणात आत ढकलून ठेवला की आवाज घुमतो. त्याचं तोंड खणाच्या कडेला आणा. टीव्हीखाली असेल तर पुढून किंचित उचलून कानाच्या दिशेने तिरका करा. 'पार्श्वसंगीत ऐकू येतं, बोलणं कळत नाही' ही तक्रार एवढ्यानेच पुष्कळदा मिटते.

वायरलेसचे प्रकार सारखे नसतात

ब्लूटूथ सराउंडसाठी धरू नका. टीव्ही आणि फोन जे नेहमीचं ब्लूटूथ वापरतात त्यात दोनच चॅनेल जातात, आणि साध्या कोडेकवर (आवाजाचा डेटा आटोपशीर करून पाठवण्याची पद्धत) आवाजाला १०० ते २०० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त उशीर होतो. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे २०० मिलिसेकंदांचा उशीर हा स्पीकर ६८ मीटर लांब ठेवल्यासारखा आहे. गाणी ऐकायला ब्लूटूथ उत्तम, पडद्यावर हलणाऱ्या ओठांसोबत नाही. एखाद्या संचावर 'वायरलेस' आणि त्याखाली बारीक अक्षरात फक्त ब्लूटूथ लिहिलेलं असेल, तर फोनवरून गाणी वाजवता येतात एवढाच त्याचा अर्थ. त्याचे मागचे स्पीकर वायरचेही असू शकतात.

घरभर गाणी वाजवणारे वाय-फाय स्पीकर वेगळे. खोल्याखोल्यांत आवाज एकसाथ राहावा म्हणून ते सिग्नल आधी साठवून घेतात, आणि त्या साठ्यामुळेच उशीर होतो. संगीताला ते चालतं. सिनेमासाठी कंपन्या बारपासून मागच्या स्पीकरपर्यंत स्वतंत्र, थेट रेडिओ दुवा जोडतात, बहुधा ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात. हा दुवा ज्याच्या त्याच्या कंपनीचा असतो. एका कंपनीच्या बारला दुसऱ्या कंपनीचे मागचे स्पीकर जुळत नाहीत, आणि कित्येकदा त्याच कंपनीच्या निराळ्या मालिकेतलेही जुळत नाहीत. 'आत्ता बार घेऊ, मागचे पुढच्या वर्षी' असा बेत असेल तर तो स्पीकर तेव्हाही बाजारात असेल याची हमी नसते. पुढे जोडायचेच असतील तर एकदमच घ्या.

वेगवेगळ्या कंपन्यांचे स्पीकर एकत्र चालावेत म्हणून वायसा नावाचं मानक आहे. तेही ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतं, आठ चॅनेलपर्यंत २४ बिटचा आवाज नेतं, आणि त्याचा उशीर जेमतेम ५ मिलिसेकंदांचा, म्हणजे कानाला न कळणारा. अडचण एवढीच की वायसाचे स्पीकर निवडक आहेत आणि महागड्या गटात मोडतात.

चौथा मार्ग जोडयंत्रांचा. रिसीव्हरला एक ट्रान्समीटर लावायचा, सोफ्यामागे ॲम्प्लिफायर असलेला रिसीव्हिंग डबा ठेवायचा, आणि त्या डब्यातून दोन साध्या स्पीकरना छोट्या वायरी द्यायच्या. कित्येक साउंडबारचे 'वायरलेस' मागचे स्पीकरही आतून असेच असतात: डबा हवेतून सिग्नल घेतो, पण डब्यापासून डाव्या-उजव्या स्पीकरपर्यंत वायर जातेच. जोडयंत्र घेण्याआधी रिसीव्हरच्या पाठीवर 'सराउंड प्री-आउट' (ॲम्प्लिफायरच्या आधीचा सिग्नल बाहेर देणाऱ्या जोडण्या) आहेत का ते बघा. स्वस्त ५.१ रिसीव्हरना प्री-आउट बहुधा सबवूफरपुरताच असतो. तसं असेल तर स्पीकरच्या टर्मिनलमधून सिग्नल घेणारा ट्रान्समीटर शोधावा लागेल.

कुठला मार्ग कोणासाठी

साउंडबारसोबत वायरलेस सबवूफर आणि मागचे दोन स्पीकर, हा मार्ग लहान किंवा मध्यम खोलीला, भाड्याच्या घराला, आणि तासाभरात सगळं चालू व्हावं असं वाटणाऱ्याला योग्य. एक भाग बिघडला की पूर्ण संचच अडतो, ही त्याची दुसरी बाजू.

एव्ही रिसीव्हर आणि पॅसिव्ह स्पीकर या मार्गाला जागा आणि मेहनत जास्त लागते, पण आवाज आणि आयुष्य दोन्हींत तो पुढे आहे. पॅसिव्ह स्पीकरमध्ये ना ॲप ना फर्मवेअर. नीट ठेवले तर वीस-पंचवीस वर्षं सहज वाजतात, बदलायचा तो फक्त रिसीव्हर. घराचं काम चालू असेल आणि भिंतीत पाइप टाकता येत असेल तर दुसरा विचार करू नका. ८ ओहमच्या स्पीकरला १० मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. ४ ओहमचा स्पीकर असेल किंवा अंतर जास्त असेल तर २.५. वायर निव्वळ तांब्याची आहे ना ते बघा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर दिसायला तशीच, पण रोध जास्त आणि टोकाशी पटकन तुटते.

सगळेच स्पीकर स्वतःच्या ॲम्प्लिफायरसह वायरलेस, हा तिसरा मार्ग दिसायला सर्वांत सुटसुटीत. सॉकेट हवे तिथे असतील आणि खर्चाला तयारी असेल तर जरूर घ्या. मात्र अशा संचाचा बराच कारभार ॲपवर चालतो, तेव्हा कंपनी जुन्या मॉडेलांना किती वर्षं अपडेट देते हे आधी पाहा.

वॅटच्या आकड्यांनी भुलू नका. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे जाणवेल इतका, पण दुप्पट मुळीच नाही. '१०० वॅट' हा आकडा दोन चॅनेल चालू असताना मोजलेला की पाचही, आणि किती विकृती धरून, हे तपशिलात लिहिलेलं असतं. स्पीकरची संवेदनशीलता (ठरावीक ताकदीत तो किती मोठा वाजतो) ८४ ऐवजी ९० डेसिबल असेल तर तोच आवाज एक चतुर्थांश ताकदीत निघतो. पीएमपीओ (क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा) लिहिलेला आकडा सरळ सोडून द्या.

टीव्हीपासून आवाज बाहेर कसा येतो

इथे सर्वांत जास्त लोक फसतात, कारण आवाज तर येतो, पण दोनच चॅनेलचा. टीव्हीच्या एकाच एचडीएमआय पोर्टवर एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच वायरीतून उलट बाहेर पाठवणारी सोय) किंवा ईएआरसी (तिची जास्त क्षमतेची आवृत्ती) लिहिलेलं असतं. बार किंवा रिसीव्हर तिथेच जोडायचा. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी (एचडीएमआयने जोडलेल्या यंत्रांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय) चालू करायचं आणि डिजिटल आवाजाचा पर्याय 'पीसीएम'वरून (टीव्हीने आधीच उलगडलेला आवाज) 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पास-थ्रू'वर न्यायचा. साध्या एआरसीवर पीसीएम ठेवलं तर ५.१ चा आवाज टीव्हीतच दोन चॅनेलमध्ये पिळून बाहेर येतो.

स्ट्रीमिंगवरचं ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये गुंडाळून येतं आणि ते साध्या एआरसीवरूनही जाऊ शकतं. ब्लू-रे डिस्कवरचा ट्रूएचडी (डॉल्बीचाच, दर्जा न गमावणारा प्रकार) आवाज किंवा गेम कन्सोलचा बहुचॅनेल पीसीएम टीव्हीमार्गे न्यायचा असेल तर मात्र ईएआरसी लागतं. प्लेअर थेट रिसीव्हरच्या एचडीएमआय इनपुटला लावला तर हा प्रश्नच उरत नाही. ऑप्टिकल वायर जुनी आणि भरवशाची, पण तिच्यातून साधं डॉल्बी डिजिटल ५.१ किंवा डीटीएस (डॉल्बीसारखाच दुसऱ्या कंपनीचा प्रकार) ५.१ एवढंच जातं, ॲटमॉस नाही. आणि काही टीव्ही डीटीएस पुढे पाठवतच नाहीत. डीटीएसच्या डिस्क असतील तर प्लेअर रिसीव्हरलाच जोडा.

आलेला सिग्नल काय आहे हे रिसीव्हरच्या डिस्प्लेवर किंवा बारच्या ॲपमध्ये दिसतं. तिथे 'पीसीएम २.०' दिसत असेल तर स्पीकरशी झटापट करू नका. आधी टीव्हीचं सेटिंग आणि स्ट्रीमिंग ॲपवर निवडलेला ऑडिओ ट्रॅक तपासा. तुमची वर्गणी ॲटमॉसवाली आहे का, तेही.

सबवूफरची जागा

वायरलेसचा खरा फायदा इथे आहे. ८० हर्ट्झखालचा आवाज कुठल्या दिशेने येतो हे कानाला फारसं कळत नाही, म्हणून सबवूफर टीव्हीजवळ असण्याची सक्ती नाही. पण जागा बदलली की बास पार बदलतो. खोलीच्या लांबीनुसार काही ठरावीक सूर भिंतींमध्ये अडकून फुगतात. ५ मीटर लांबीच्या खोलीत त्यातला पहिला सुमारे ३४ हर्ट्झला येतो: दोन्ही टोकांच्या भिंतींशी तो घुमतो आणि खोलीच्या अगदी मध्यावर जवळजवळ गायब होतो. म्हणून एकाच खोलीत सोफ्यावर बसलेल्याला बास जास्त वाटतो आणि मधल्या खुर्चीवरच्याला काहीच नाही.

चांगली जागा शोधायची पद्धत जुनी आहे आणि अजून तिच्यासारखी दुसरी नाही. सबवूफर थेट सोफ्यावर, तुमच्या बसण्याच्या जागी ठेवा. सलग चालणारी बासची ओळ असलेलं संगीत लावा. मग गुडघ्यांवर, कान जमिनीपासून सबवूफरच्या उंचीवर ठेवून, भिंतीच्या कडेकडेने रांगत जा. जिथे प्रत्येक सूर सारख्या जोराने आणि स्वच्छ ऐकू येईल तिथे सबवूफरची जागा. अगदी कोपऱ्यात तो सर्वांत मोठा वाजतो, पण बहुधा सर्वांत गढूळही.

वायरीच्या सबवूफरमधून सतत घुंऽऽ आवाज येत असेल तर दोष बहुधा अर्थिंगच्या फेऱ्याचा (जोडलेल्या यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या करंटचा) असतो, आणि वायरलेस जोडणीत सिग्नलची वायरच नसल्याने तो आपोआप जातो. उलट वायरलेस सबवूफरची नेहमीची खोड म्हणजे झोपणं: हळू आवाजात पाहताना तो स्टँडबायमध्ये जातो आणि धमाक्याच्या पहिल्या क्षणाला जागा होत नाही. मागे 'ऑटो' ऐवजी 'ऑन' असं बटण असेल तर ते वापरा.

मांडल्यानंतर

रिसीव्हरसोबत मायक्रोफोन येतो. ऑडिसी, डिरॅक लाइव्ह, यामाहाचं वायपीएओ या सगळ्यांचं काम एकच, खोली मोजून स्पीकरचं अंतर, आवाज आणि सूर जुळवणं. माइक हातात धरू नका, सोफ्याच्या पाठीवरही ठेवू नका. स्टँडवर, कानाच्या उंचीवर, पंखा आणि एसी बंद करून. पहिलं मोजमाप तुमच्या मुख्य जागेवर, बाकीची तिच्या आसपास अर्ध्या मीटरच्या आत. नंतर सगळे स्पीकर 'स्मॉल' आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झ ठेवा; स्पीकर फार छोटे असतील तर १०० ते १२०.

सबवूफरचं अंतर यंत्राने खऱ्यापेक्षा जास्त दाखवलं तर हात लावू नका. वायरलेस दुव्याचा आणि आतल्या सर्किटचा उशीरही त्यात मोजला गेलेला असतो. २० मिलिसेकंदांचा उशीर सुमारे ७ मीटरच्या अंतराएवढा दिसतो, आणि बाकीच्या स्पीकरना तेवढं थांबवून रिसीव्हर सगळ्यांना एका वेळी आणतो.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर कोण पुढे आहे ते आधी ओळखा. आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी खटकतो, उशिराचा मात्र १२५ पर्यंत सहज लक्षात येत नाही. आवाज पुढे असेल तर रिसीव्हर किंवा बारमधल्या लिप-सिंक पर्यायाने तो १० मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी मागे घ्या. आवाज मागे असेल तर तो पर्याय शून्यावर आणा. तरीही आवाज मागेच राहिला तर टीव्हीमार्गे जाणारा प्लेअर थेट बारला जोडून पाहा.

मागचा आवाज मधूनच तुटणं ही वायरलेसची ठरलेली तक्रार. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा संच मायक्रोवेव्ह सुरू झाला की अडखळतो, ५ गिगाहर्ट्झवाल्याला भिंती आणि माणसांची गर्दी जास्त भोवते. पहिल्यांदा राउटर बारपासून निदान एक मीटर लांब सरकवा. मग बार धातूच्या युनिटमध्ये किंवा टीव्हीच्या पाठीला चिकटून बसलेला नाही ना ते बघा. त्यानंतर राउटरचा ५ गिगाहर्ट्झ चॅनेल 'ऑटो'वरून काढून एका जागी ठेवा, म्हणजे ३६ ते ४८ पैकी एक, आणि तरी तुटत असेल तर वरच्या टोकाचा, १४९ च्या पुढचा, जर राउटर तो देत असेल तर. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर पूर्ण चित्रपट पाहा, कारण तासातून एकदा तुटणारा आवाज पाच मिनिटांच्या चाचणीत पकडला जात नाही. हे सगळं संच परत करायची मुदत संपायच्या आत उरका. मागच्या स्पीकरपासून बारपर्यंत काँक्रीटची भिंत आड येत असेल आणि स्पीकर हलवणं शक्य नसेल, तर सेटिंगने ते सुटणार नाही. संच परत करा आणि त्या दोन स्पीकरना वायर ओढा.